वादळानंतरच्या मदतीची तयारी: फिलिपिन्सच्या एका पुरोकसाठी

पहिलं काम वहीचं. तांदूळ, ताडपत्र्या, औषधं सगळं त्यानंतर. फिलिपिन्समध्ये कारभाराचा सर्वांत लहान घटक म्हणजे बारांगाय, आणि बारांगायच्या पोटात पुरोक, आपल्या वाडी-आळीसारखा शेजार. वही पुरोकने ठेवावी, कारण कुठल्या घरातली आजी स्वतःहून जिना उतरू शकत नाही हे शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. घरागणिक माणसं आणि वयं लिहावीत. गरोदर बायका, तान्ही बाळं, अंथरुणाला खिळलेली माणसं, कोणाला रोज कुठली गोळी लागते तेही लिहावं. एका छपराखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं म्हणून नोंदवावीत आणि भाडेकरूंना वगळू नये. मदत घरटी एक पुडा अशी वाटली जाते तेव्हा उपाशी राहतात ती हीच माणसं. परदेशात कामाला गेलेल्यांचे फोन नंबरही हवेतच. टॉवर पडले की दुबईतल्या मुलीला आईची खबर कळत नाही. म्हणून सिग्नल मिळेल तिथवर जाऊन सगळ्यांचे निरोप कोण पाठवणार, ते आधीच ठरवावं. वहीची एक प्रत शेजारच्या पुरोककडे ठेवावी.

मग प्रत्येक अशक्त माणसाच्या नावापुढे त्याला उचलून नेणाऱ्याचं नाव लिहावं. 'कोणीतरी नेईल' या भरवशावर राहू नये. सेबू प्रांतात कामोतेस बेटांवर सान फ्रान्सिस्को नावाची नगरपालिका आहे. तिथे पुरोकच्या बैठका, घराघरातून थोडी थोडी वर्गणी, कामांची वाटणी हे सगळं वर्षानुवर्षं चालू होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये योलांडा वादळ (बाहेरच्या जगात 'हैयान') येण्याआधी तिच्या हद्दीतल्या तुलांग दियोत या चिमुकल्या बेटावरची सुमारे हजार माणसं मोठ्या बेटावर हलवली गेली. घरं जवळजवळ सगळी उद्ध्वस्त झाली, पण माणूस एकही दगावला नाही. त्याच वादळात देशभरात सहा हजारांहून जास्त लोक गेले, त्यातले बहुतेक लेयते आणि सामार या बेटांच्या किनाऱ्यांवरचे. तयारीचा कंटाळा येईल त्या बैठकीत हे दोन आकडे मोठ्याने वाचावेत.

निवारा वाऱ्याइतकाच पाण्यालाही तपासून घ्यावा. लेयतेवरच्या ताक्लोबान शहरात योलांडाच्या वेळी काही निवाऱ्यांमध्येच समुद्र शिरला. म्हणून किनाऱ्यालगतची एकमजली इमारत भक्कम दिसली तरी यादीतून काढावी. बास्केटबॉलचं झाकलेलं मैदान ऐसपैस असतं, पण त्याच्या पत्र्यांचे बोल्ट पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून पाहिले पाहिजेत. शाळेचे वर्ग शेवटचा पर्याय म्हणून ठेवावेत, नाहीतर मुलांची शाळा लांबत जाते. किल्ल्या दोघांकडे हव्यात. बायकांच्या संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा हवा, ही बाब किरकोळ मानू नये. आणि डुकरं, रेडे, कोंबड्या कुठे बांधायच्या ते नक्की करावं. जनावर मागे टाकून निघायला जीव होत नाही, म्हणून माणसं घरातच थांबतात.

खाण्याचं पाहू. सरकारच्या समाजकल्याण खात्याच्या शिध्याच्या खोक्यात साधारण सहा किलो तांदूळ, ट्यूना-सार्डिन-कॉर्न्ड बीफचे डबे आणि कॉफीच्या पुड्या असतात. पाच जणांच्या कुटुंबाला ते दोन-तीन दिवस पुरावं असा हिशेब आहे. पण ओल्या लाकडांवर आणि गढूळ पाण्यात तो तांदूळ शिजायचा कसा? म्हणून सामाईक चूल लावावी: मोठी कढई, भरलेला गॅस सिलिंडर, लुगावसाठी, म्हणजे तांदळाच्या पेजेसाठी, आलं-मीठ, आणि दोन पाळ्यांत स्वयंपाक करणाऱ्यांची नावं. पाण्याचा विचार तांदळाच्याही आधी करावा. डिसेंबर २०२१ मध्ये ओडेट वादळानंतर सेबूमध्ये वीज गेली, पंप बंद पडले आणि पाण्यासाठी व इंधनासाठी लांबच लांब रांगा लागल्या. झाकणाचे कॅन, क्लोरीनच्या गोळ्या आणि जनरेटर कोणाकडे आहे याची नोंद असावी. वर्गणीतला काही भाग सुट्ट्या नोटांत ठेवावा, कारण एटीएम बंद असतं आणि नेटवर्कशिवाय मोबाइलवरचे पैसे निरुपयोगी. कोपऱ्यावरच्या सारी-सारीच्या, म्हणजे छोट्या किराणा दुकानाच्या, मालकाशी उधारीचं बोलणं आधीच करून ते लिहून ठेवावं. २०१० च्या आपत्ती कायद्याप्रमाणे स्थानिक शासनाला उत्पन्नाचा किमान पाच टक्के भाग आपत्तीच्या कामासाठी राखावा लागतो आणि त्यातला तीस टक्के तातडीच्या मदतीसाठी असतो. तो खर्चायला कोणाची सही, कुठला कागद लागतो, हे कोरड्या दिवसांत विचारून घ्यावं.

पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांसाठी गमबूट हवेत. लेप्टोस्पायरोसिसवरची (उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापावरची) प्रतिबंधक गोळी आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यावी. दान आलेली दुधाची पावडर तान्ह्या बाळांसाठी सरसकट वाटू नये. अस्वच्छ पाण्यात कालवलेलं दूध बाळाच्या जिवावर बेतू शकतं. आईला अंगावर पाजायला आडोसा आणि पोटभर जेवण द्यावं.

करवती, दोर, हातमोजे, आणि साखळी-करवत चालवता येणाऱ्यांची नावं वेगळी मांडावीत. योलांडामध्ये सुमारे ३ कोटी ३० लाख नारळाची झाडं पडली किंवा मोडली. पडलेलं खोड लवकर कापून फळ्या केल्या तर घराला लाकूड मिळतं. तसंच कुजू दिलं तर त्यात गेंडाभुंगा वाढतो आणि उभ्या झाडांवर जातो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दिवेआगर-श्रीवर्धनच्या बागायतदारांनी आडवी झालेली झाडं पाहिली आहेत. नवं रोप धरेपर्यंत घर कशावर चालतं हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून सफाईच्या कामाला रोख मजुरी द्यावी आणि ती बाग किंवा होडी गमावलेल्यांना आधी मिळावी. होड्याही वहीत घराइतक्याच काळजीने लिहाव्यात. होडी दुरुस्त झाली की त्या घरात पुन्हा रोजची कमाई सुरू होते.

वाटपाच्या दिवशी यादी फळ्यावर लावावी, मोठ्याने वाचावी, आणि राहिलेलं नाव तिथल्या तिथे घालावं. म्हाताऱ्यांना रांगेत उभं करू नये, त्यांचा पुडा घरी पोचवावा. पत्रे, छत्रीचे खिळे आणि बांधायची तार येईल तेव्हा छपरं कुठल्या क्रमाने घालायची हेही वादळाआधी ठरलेलं असावं: जिथे हातोडी धरणारं कोणी नाही ती घरं आधी, सुतारांची स्वतःची त्यांच्या लगोलग, म्हणजे ते निर्धास्तपणे पुढच्या घरावर चढतील.