शेजारच्या वरकसातले गवत कापण्यासाठी मालकाची परवानगी कशी घ्यावी

कोकणात चाकरमानी गणपतीला गावी येतात, तेव्हा वरकस, म्हणजे भातशेती न होणाऱ्या डोंगरउताराच्या, जमिनीतले गवत चांगले वाढलेले असते आणि त्याच्या कापणीला अजून महिना-दीड महिन्याचा अवकाश असतो. शेजारच्या जमिनीतले गवत आपल्या गुरांसाठी हवे असेल, तर मालकाच्या ओटीवर जाऊन बोलण्यास हीच वेळ योग्य होय. दसऱ्यानंतर विळे परजून झाल्यावर मुंबईला फोन लावला, तर ते विचारणे न वाटता कळवणे वाटते, आणि होकाराची वाट पाहण्यात फुलोरा उलटून जातो. कुसळी गवत तर एकदा कुसळावर आले की गुरांच्या तोंडाला टोचते आणि वैरण म्हणून त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

विचारायचे कोणाला, हे आधी सातबारावरून पाहावे. तो महाभूलेखच्या संकेतस्थळावर दिसतो. मात्र सामाईक खात्यात अनेक नावे असतात, त्यांतील काही वारलेल्यांचीही असतात. अशा वेळी जमिनीची प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोलावे, पण गावात राहणाऱ्या तिच्या भाऊबंदांच्याही कानावर घालावे, कारण ऐन कापणीत बांधावर येऊन हरकत घेणारा बहुधा त्यांच्यातलाच असतो.

मालक कचरतो तो गवताच्या मोहाने नव्हे. त्याला धास्ती असते ती जमिनीची. 1 एप्रिल 1957 रोजी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली, आणि ज्या घराण्यांच्या जमिनी तेव्हा गेल्या त्यांच्यात ‘कोणाला पाऊल ठेवू देऊ नये’ ही शिकवण अजून टिकून आहे. या भीतीला हसू नये. 1948 च्या कुळवहिवाट कायद्यात ‘जमीन कसणे’ याच्या व्याख्येखाली असा खुलासा आहे की, गवत कापण्याचा मक्ता घेणारा मनुष्य केवळ तेवढ्या कारणाने जमीन कसतो असे मानले जाणार नाही. हे मालकाला शांतपणे सांगावे आणि त्याच्याशी सुसंगत वागावे, म्हणजे तिथे नांगर घालू नये, नाचणी-वरी पेरू नये, कुंपण करू नये आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदणीत) आपल्या नावाने काहीही नोंदवू नये.

बोलताना आडवळण नको. “काका, तुमच्या वरच्या तुकड्यातलं गवत यंदा कापायला मिळेल का? फक्त या हंगामापुरतं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत भारे उचलतो, आणि कलमांच्या बुंध्यांभोवतीचंही साफ करून देतो,” एवढे पुरे. यातील शेवटचे वाक्य सर्वांत वजनदार आहे, कारण उभे राहिलेले गवत माघ-फाल्गुनात वाळून कोरडेठाक होते आणि वणवा लागला तर आंबा-काजूची कलमे होरपळतात; गवत काढून घेणारा शेजारी बागायतदाराची मजुरी वाचवत असतो.

मोबदल्याचे मात्र स्वतःहून काढावे. गवत उक्ते (ठरावीक रकमेला एकत्र) घ्यायचे की भाऱ्यांच्या वाट्यावर, कापणी-वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे त्याच बैठकीत ठरवावे. मालकाकडे गुरे नसतील तर वाट्याला अर्थ नसतो. त्यापेक्षा गडग्याची, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाची, डागडुजी करून देणे त्याला अधिक पटते. ‘काही नको, घेऊन जा’ असे उत्तर आले तरी हद्द कुठून कुठवर हे विचारल्याशिवाय उठू नये.

त्यानंतर साध्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहाव्यात: “आपल्या गट क्रमांक अमुकमधील गवत चालू हंगामापुरते कापण्यास आपण परवानगी दिली आहे. जमिनीवर माझा कोणताही हक्क नाही व मी तो सांगणार नाही.” खाली तारीख व सही असावी. दरवर्षी ही चिठ्ठी नव्याने द्यावी. वर्षानुवर्षे न विचारता चाललेला वापरच पुढे वहिवाटीच्या वादाला तोंड फोडतो, आणि परवानगीने केलेला वापर तसा हक्क निर्माण करत नाही, हे मालकाच्या वकिलालाही मान्य होईल.

कापणीआधी एक फेरी मारून गवतात दडलेल्या रोपांशेजारी काठ्या रोवाव्यात, कारण विळ्याखाली गेलेले काजूचे रोप मालक विसरत नाही. भारे काढण्यासाठी गडगा उतरवावा लागला, तर त्याच संध्याकाळी तो पुन्हा रचावा. नकार मिळाल्यास कारण न विचारता उठावे आणि पुढच्या गणपतीला पुन्हा ओटीवर जावे.