पहिली वेबसाइट कशात बनवावी? साधनांची तुलना अशी करा

बहुतेक जण साधन निवडतात ते टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार नमुना, पाहून. पण टेम्प्लेटमधले फोटो व्यावसायिक असतात आणि मजकूर नेमका दोन ओळींत बसवलेला असतो. त्या जागी आपले फोटो, आपला मजकूर टाकला की तीच साइट ओळखू येत नाही. म्हणून तुलना करायची ती स्वतःचा मजकूर हाताशी घेऊन.

आधी कागद, मग खाते. साइटवर येणाऱ्याने काय करावे अशी तुमची इच्छा आहे, ते एका ओळीत लिहा. फोन करावा? लेख वाचावेत? वस्तू विकत घ्यावी? त्याखाली लागणाऱ्या पानांची नावे लिहा. विक्री हाच मुख्य हेतू असेल तर शॉपिफायसारखे ऑनलाइन दुकानासाठीच बनलेले साधन यादीत घ्या. चार-पाच पानांत माहिती द्यायची असेल तर त्याची गरज नाही.

गट ओळखा. विक्स, स्क्वेअरस्पेस, गूगल साइट्स या तयार सेवा आहेत. संपादक, साइट ठेवायची जागा, सुरक्षेची कामे, सगळे त्यांच्याकडे. वर्डप्रेस हे २००३ साली आलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळते, पण होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घेणे, अपडेट करणे, बॅकअप ठेवणे हे तुम्हाला पाहावे लागते. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: वर्डप्रेस डॉट ऑर्गवर हे सॉफ्टवेअर मिळते, तर वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी तयार सेवा आहे. परीक्षण वाचताना ते दोहोंपैकी कशाबद्दल आहे हे पाहून घ्या.

एकच पान दोन साधनांत बनवा. सगळ्या तुलनेत ही पायरी सर्वांत मोलाची, तिला वेळ द्या. मोफत योजना किंवा चाचणीची मुदत वापरून तेच पान दोन्हीकडे उभे करा: एक लांब शीर्षक, तीन परिच्छेद, एक उभा आणि एक आडवा फोटो, संपर्काचा फॉर्म. मग ते खऱ्या मोबाइलवर उघडा. संपादकातल्या मोबाइल-दृश्यावर विसंबू नका. उभ्या फोटोत माणसाचे डोके कापले गेले का? बटण अंगठ्याने सहज दाबता येते का? फॉर्म भरून पाठवा आणि ईमेल खरेच पोहोचते का ते तपासा. मराठी मजकूर असेल तर शीर्षकातल्या वेलांट्या आणि रफार नीट पाहा. ओळींमधले अंतर कमी असले की वरच्या मात्रा आधीच्या ओळीला भिडतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर भलताच फॉन्ट वापरतो. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) या नावांचे देवनागरी फॉन्ट मिळतात का, तेही बघा.

बाहेर पडायची वाट आधीच शोधा. याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला तर हाच निर्णायक प्रश्न वाटतो. सेवा बंद पडू शकते: याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही साइट बनवायची सेवा बंद केली, तेव्हा लाखो लोकांच्या साइट्स त्यावर होत्या. विक्सवरची पूर्ण साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस बरीचशी पाने आणि लेख वर्डप्रेसला चालणाऱ्या फाइलीत देते, पण रूपरंग मागेच राहते. स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसमध्ये फायली आणि डेटाबेस (मजकुराचा साठा) दोन्ही तुमच्या हातात असतात, म्हणून वर्षानुवर्षे लिहायचे असेल तर सुरुवातीचा त्रास सोसूनही मी तेच सुचवेन. कार्यक्रमापुरती किंवा वर्गापुरती साइट हवी असेल तर गूगल साइट्स पुरेसे आहे. काहीही निवडा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र स्वतःच्या नावावर नोंदवा. पुढे साधन बदलले तरी पत्ता तोच राहतो.

खर्च पाहताना पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवा, नूतनीकरणाचा दर धरा. मोफत योजनेत त्यांची जाहिरात आणि त्यांचाच पत्ता साइटवर दिसतो का, हेही बघा.

तरीही दोन साधनांत अडकलात तर आठवडाभर दोन्हींना हात लावू नका. मग दोन्ही उघडून पानावरचा फोन नंबर बदला आणि एक नवा फोटो टाका. मदतीचे व्हिडिओ न शोधता जिथे हे काम झाले, ते साधन घ्या.