जुन्या गाडीचा चार्जिंगचा लाल दिवा लागला तर

जुनी अँबॅसिडर किंवा पद्मिनी असेल, तर आधी चावी फिरवून इंजिन सुरू न करता दिवा बघा. तो लागायलाच हवा. लागला नाही तर बहुतेक बल्ब गेलेला असतो. बऱ्याच अल्टरनेटरना (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो, म्हणजे दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी चार्जिंग बंद पडू शकतं.

डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधीचं, तेच काम करणारं यंत्र) गाडीत आयडलिंगला दिवा मिणमिणला आणि रेस दिल्यावर विझला, तर काळजी नको.

चालत्या गाडीत अचानक लागला तर मात्र लगेच बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि फॅनबेल्ट बघा. त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. बेल्ट तुटला असेल तर नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, इंजिन तापायला वेळ लागत नाही. अशी गाडी घरापर्यंत रेटू नकाच. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा.

बेल्ट ठीक असेल तर बॅटरीवर मल्टिमीटर लावा. रेस दिल्यावर अंदाजे १४ व्होल्ट हवेत; १२.५ च्या आसपासच अडकले, तर टर्मिनल, अर्थची पट्टी (बॅटरी गाडीच्या बॉडीला जोडणारी) आणि अल्टरनेटर किंवा डायनॅमोमधले कार्बन ब्रश तपासून घ्या. अल्टरनेटर असेल तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘टेस्ट’ करू देऊ नका, त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडतात.