ब्रह्मकमळाला कळ्या धरेनात, तेव्हा

पुण्यातील आमच्या घरी ब्रह्मकमळ चार वर्षे नुसतेच वाढत होते. लांब, सपाट फांद्या फुटत, कळी मात्र एकही येत नसे. घरोघरी दिसणारे हे ब्रह्मकमळ हिमालयातील त्याच नावाच्या फुलाहून अगदी निराळे असून ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील निवडुंग आहे, आणि तेथे ते झाडांच्या खोडांवर, पालापाचोळ्याच्या आधाराने वाढते, हे समजल्यावर माझी चूक लक्षात आली. मी त्याला मोठ्या कुंडीत, चिकट काळ्या मातीत आणि जेमतेम उजेडाच्या कोपऱ्यात ठेवले होते, शिवाय शेणखतही सढळ हाताने घालत होते.

फेब्रुवारीत कुंडी उपसली, कुजलेली मुळे कापली आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे खडे, पालापाचोळ्याचे खत व थोडी माती यांच्या मिश्रणात, मुळांना जेमतेम पुरेल अशा ८ इंची कुंडीत झाड पुन्हा लावले. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत नेली, कारण तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली असते. वरची माती सुकल्याशिवाय पाणी घातले नाही.

जुलैत फांद्यांच्या कडांवरील खाचांतून तीन कळ्या आल्या. जागा बदलल्यास कळ्या गळू शकतात, म्हणून कुंडी मुळीच हलवली नाही. एका रात्री नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागल्या आणि मध्यरात्रीपर्यंत सारी गॅलरी सुगंधाने भरून गेली. पहाटे फुले मिटली, पण आम्ही सारे तोवर जागेच होतो.