घरचा माणूस अपघातात गेला तर नुकसानभरपाईचा दावा कसा करायचा (गोव्यातल्या लोकांसाठी)

आमच्या घरात हे घडलंय म्हणून लिहितोय. चुलतभाऊ सेकंड शिफ्ट करून स्कूटरवरून डिचोलीला येत होता, मागून टिपर लागला, गोमेकॉत (बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात) नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे ट्रिब्युनलचा, म्हणजे अपघाताच्या दाव्यांच्या कोर्टाचा, निकाल लागला तेव्हा वकील म्हणाले की पहिल्या पंधरा दिवसांत जे कागद जमले त्यांच्यावर केस उभी राहिली, आणि जे कागद तेव्हा राहून गेले ते नंतर कितीही फिरलो तरी मिळाले नाहीत. आता त्या पंधरा दिवसांत बायको, आई, मुलं यांच्यापैकी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, बाराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा असते. म्हणून मेहुणा, पुतण्या, शेजारी, कुणीतरी एकाने फाईल हातात घ्यायची. हे त्या एकासाठी लिहिलंय.

पहिलं काम पोलीस स्टेशन. एफआयआरची कॉपी घ्या आणि घरी न्यायच्या आधी तिथेच वाचा. गाडीचा नंबर बरोबर आहे का, वेळ आणि जागा बरोबर आहे का, कोण कुठून कुठे जात होता ते उलटं तर लिहिलं नाही ना. कधीकधी समोरची गाडी पळालेली असते आणि नोंद ‘स्वयंअपघात’ अशी होऊन बसते, तसं दिसलं तर तुमचं म्हणणं लेखी द्या आणि तुमच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या, तोंडी सांगून काही उपयोग नाही. त्याच दिवशी जागेवर जाऊन फोटो काढा, ब्रेकचे डाग, काचा, गाडी कुठे पडली होती ते. आसपासचं दुकान, बार, पेट्रोल पंप, कुणाच्या घराचा कॅमेरा बघा, कारण फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, पोलिसांनी ते ताब्यात घ्यावं असा अर्ज लगेच द्या. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यांची नावं नि फोन नंबर लिहून ठेवा.

आणि गाडीची डिक्की उघडून बघा. हे मी मुद्दाम सांगतोय. आमची स्कूटर पूर्ण पावसाळा पोलीस स्टेशनच्या आवारात उभी होती, सोडवून आणली तेव्हा डिक्कीत त्याची छोटी डायरी मिळाली, ओव्हरटाईमचे तास तो रोज त्यात लिहायचा. ओव्हरटाईमचे पैसे त्याला रोख मिळायचे, स्लिपवर फक्त बेसिक. डायरीची अर्धी पानं चिकटलेली, शाई पसरलेली, आणि तोपर्यंत कंपनीतलं कुणी साक्षीला यायला तयार नव्हतं. ती रक्कम कोर्टाने धरली नाही. पंचनाम्याच्या वेळीच आतलं सामान मागितलं असतं तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पोरांकडून तेव्हाच सह्या घेता आल्या असत्या, असं अजून वाटतं.

पोलिसांकडून पुढे हे सगळं लागतं: जागेचा पंचनामा आणि स्केच, मृतदेहाचा पंचनामा, शवचिकित्सा अहवाल, गाड्यांची तपासणी केलेल्या मोटर वाहन निरीक्षकाचा रिपोर्ट, समोरच्या गाडीचं आरसी, इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलकडे पाठवायचा असतो, तो गेला का हे विचारत राहा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मृत्यू दाखला मरण जिथे झालं तिथल्या नोंदणीतून मिळतो, बरेचजण आधी आपल्या गावच्या पंचायतीत फेऱ्या मारतात. हॉस्पिटल नि फार्मसीची बिलं त्या गुळगुळीत कागदावर असतात, वर्षभरात कोरी पडतात, आल्या दिवशी झेरॉक्स काढा.

आता उत्पन्नाचा पुरावा. भरपाईची सगळी बेरीज यावर चालते. पगारदार असेल तर पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. बोटीवर असेल तर काँट्रॅक्ट, सीडीसी (बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेलं पुस्तक) आणि घरी पैसे यायचे त्या खात्याचं स्टेटमेंट, मागच्या दोनतीन काँट्रॅक्टची कागदं असली तर तीही जोडा म्हणजे दरवेळी परत जात होता हे दिसतं. मोटरसायकल पायलट (भाड्याने मागे बसवून नेणारा), मासे विकणारी, गाडेकार, दूध सोसायटीत दूध घालणारा, यांच्याकडे स्लिप कुठून असणार, पण परवाना, बॅज, सोसायटीचं पासबुक, पिग्मीचं पुस्तक, कर्जाचे हप्ते, यूपीआयची नोंद हे सगळं दाखवता येतं. काहीच नसलं तर कोर्ट साधारण किमान वेतनाच्या आसपास धरतं आणि तिथे घरच्यांचं मोठं नुकसान होतं. घर सांभाळणारी बाई गेली असेल तर ‘कमवत नव्हती’ असं अर्जात कुणाला लिहू देऊ नका, तिच्या घरकामाचं मोल धरायचं असतं हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये परत स्पष्ट केलंय.

दावा कुठल्या कलमाखाली करायचा हे वकील सांगेलच पण आपल्यालाही ठाऊक हवं. मोटर वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख मिळतात. कलम १६६ खाली समोरच्याची चूक दाखवावी लागते पण मग उत्पन्नाप्रमाणे पूर्ण भरपाई मिळते. मेख अशी की १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की १६६ चा दावा बंद होतो. त्यामुळे इन्शुरन्सचा माणूस चेक घेऊन लवकर आला तर पाणी द्या, बसवा, पण वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रन योजनेत २ लाख मिळतात, तो अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो, ट्रिब्युनलकडे नाही. आणि स्वतःचीच स्कूटर घसरून गेला, दुसरी गाडीच नाही, असं असेल तर त्याच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर आहे का बघा, खूप घरांना हे माहीतच नसतं. बँकेचं पासबुकही बघा, वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, त्याचे २ लाख वेगळे.

मुदत ६ महिने, अपघाताच्या तारखेपासून. ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, पूर्वी मुदत नव्हती म्हणून जुनी माणसं ‘कधीही घाल रे’ म्हणतात, त्यांचं ऐकू नका. अर्ज अपघात झाला तिथल्या ट्रिब्युनलमध्ये घालता येतो किंवा घरचे राहतात तिथल्या. म्हणजे दोडामार्ग-सावंतवाडीचा मुलगा इथे कामाला येताना पत्रादेवीजवळ गेला तर त्याच्या आईला दर तारखेला गोव्यात यायची गरज नाही, सिंधुदुर्गात दावा घालता येतो. अर्जात बायको, मुलं, आईवडील सगळ्यांची नावं घाला. सासू-सुनेचं पटत नाही म्हणून आईचं नाव गाळलेलं मी बघितलंय, नंतर त्यावरूनच केस रखडली.

वकील बघताना, जो ‘मिळाल्यावर इतके टक्के द्या’ म्हणतो त्याला नको म्हणा, वकिलांना असा टक्का घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही अजिबात नाही. दावा बाई घालत असेल तर तिला जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

हिशोब साधारण कसा होतो ते सांगतो म्हणजे तडजोडीची ऑफर कमी आहे का ते कळेल. समजा ३४ वर्षांचा माणूस, कायम नोकरी, पगार २५,०००, मागे बायको, दोन मुलं, आई. वय ४० च्या आत आणि नोकरी कायम म्हणून पुढच्या वाढीचे ५० टक्के मिळवायचे, झाले ३७,५००. चार जण अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, उरले २८,१२५. वर्षाचे ३,३७,५००. वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, तो गुणक; वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६, म्हणजे ५४ लाख. नोकरी पक्की नसेल किंवा स्वतःचा धंदा असेल तर ५० ऐवजी ४० टक्के, तेव्हा ५० लाख ४० हजार. अविवाहित मुलगा असेल तर साधारण निम्मं वजा होतं. यावर अंत्यविधी आणि घरच्या माणसाच्या सहवासाचे ठरलेले पैसे, ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरवलेत, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात, आणि सहवासाची रक्कम बायकोबरोबर मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते. वर व्याज, तेही सहसा अर्ज घातल्या तारखेपासून, म्हणूनही उशीर नको.

सुनावणीत इन्शुरन्स कंपनीचा वकील हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते असं काढणारच. नुसतं ट्रिपल सीट बसला म्हणून गेलेल्याची चूक ठरत नाही, त्यामुळेच अपघात झाला हे दाखवावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तसं म्हटलंय. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं म्हणून घाबरू नका, अशा केसमध्ये कोर्ट बरेचदा कंपनीला आधी पैसे द्यायला सांगतं आणि मग त्यांनी मालकाकडून वसूल करायचे. लोक अदालतीत तडजोड झाली की पैसे लवकर येतात पण तिथल्या निकालावर अपील नाही, म्हणून वरचा हिशोब खिशात ठेवून जा.

निकाल लागल्यावर ३० दिवसांत रक्कम भरायची असते, भरली नाही तर वसुलीचा अर्ज करता येतो. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत पर्वरीला हायकोर्टात अपील. मुलांच्या वाट्याचे पैसे सज्ञान होईपर्यंत फिक्स्डमध्ये राहतात पण शिक्षणाला किंवा आजारपणाला लागले तर ट्रिब्युनलकडे अर्ज करून काढता येतात. वहिनीने पुतणीच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला तसेच काढले, अर्जाला कॉलेजची फीची पावती आणि अ‍ॅडमिशनचं पत्र जोडलं होतं.