मोबाइलवर साइट उघडते, घरच्या कॉम्प्युटरवर नाही

भूमीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवर उतारा बघायचा आहे आणि घरच्या कॉम्प्युटरवर पान येत नाही, तर आधी त्याच वायफायवर मोबाइलवरून तीच साइट उघडा. मोबाइलचा डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर परीक्षा खोटी ठरते. तिथे उघडली, तर राउटरला हात लावू नका; दोष कॉम्प्युटरमध्ये आहे.

पहिल्यांदा घड्याळ बघा. खानापूर भागात पावसाळ्यात वीज जाते आणि जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असेल, तर तारीख मागे जाते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला (साइट खरी असल्याचा ब्राउझर तपासतो तो पुरावा) सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. घड्याळ काही महिनेच मागे असेल, तर नुकतंच प्रमाणपत्र बदललेल्या साइट अडतात, बाकीच्या चालतात; म्हणून माणूस फसतो. तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट करा. वीज गेल्यावर पुन्हा बिघडली, तर सेल बदला: बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२, ३ व्होल्टचा. प्लग काढूनच बदला.

तारीख बरोबर असेल, तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबून खासगी विंडोत साइट उघडा. तिथे चालली, तर त्या साइटच्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) पुसा किंवा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) एकेक बंद करून पाहा.

तरीही नाही? विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणाऱ्या सोयी) बंद करा. मग डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) गुगलचा ८.८.८.८ करून मशीन रीस्टार्ट करा. अँटिव्हायरस शेवटी तपासा, आणि तोही पाच मिनिटांपुरताच बंद ठेवा.