जर्मन जनरलची कारकीर्द कागदावर कशी मांडावी

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या जर्मन जनरलची कारकीर्द लिहायला घेतली, की त्याचं आत्मचरित्र सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी तक्ता आखा: तारीख, हुद्दा, नेमणूक, पुरावा. हुद्दा आणि नेमणूक एकाच रकान्यात कोंबू नका, नंतर तो गुंता सुटत नाही.

हुद्द्यांची चढण अशी: गेनेरालमायोर, गेनेराललॉयटनंट, मग शाखेच्या नावासह जनरल (पायदळाचा, तोफखान्याचा, पान्झर म्हणजे रणगाडा दलाचा), गेनेरालओबेर्स्ट आणि वर फील्डमार्शल. या सैन्यात ब्रिगेडियर नव्हताच, त्यामुळे गेनेरालमायोरला ब्रिटिश मेजर जनरलच्या पंक्तीला बसवलं की पुढचं सगळं एक पायरी सरकतं. बढतीच्या तारखा दोन असू शकतात: हुकूम निघाल्याची आणि ज्येष्ठता जिथून धरली ती. दोन्ही नोंदवा. स्रोतांतल्या तारखा जुळत नसल्या, तर आधी इथे शोधा.

खरी गफलत नेमणुकांत होते. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या जनरल रोमेलचंच घ्या. फेब्रुवारी १९४१ मध्ये तो आफ्रिका कोअरचा (कोअर म्हणजे डिव्हिजनच्या वरची, आर्मीच्या खालची फौज) प्रमुख झाला, हे बरोबर. पण त्याच वर्षी त्याच्याकडे पान्झर ग्रुप आफ्रिका आला आणि जानेवारी १९४२ मध्ये त्या ग्रुपची पान्झर आर्मी झाली. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कोअर जनरल नेरिंगच्या हाताखाली होता आणि रोमेल त्याच्या वरच्या पायरीवर. दुसऱ्याच दिवशी रोमेल फील्डमार्शल झाला. म्हणून प्रत्येक नेमणुकीपुढे तुकडीचं त्या तारखेचं नाव लिहा. ‘नेतृत्व सोपवलेला’ असा शेरा दिसला, तर ती कायम नेमणूक धरू नका. ‘फ्यूररिझर्व्ह’ म्हणजे नेमणुकीविना राखीव. कारण आजारपण असेल, हकालपट्टी असेल किंवा नुसती प्रतीक्षा, त्यामुळे दुसरा कागद मिळेपर्यंत तो रकाना कोरा ठेवा.

कागद मुख्यतः जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात. तिथल्या ‘पेर्स ६’ या संग्रहात अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायली, ‘आरएच २६’ मध्ये डिव्हिजन, ‘आरएच २४’ मध्ये कोअर, ‘आरएच २०’ मध्ये आर्मी. डिव्हिजनच्या मायक्रोफिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी-३१५’ मालिकेत सापडतात. युद्ध-दैनंदिनी (तुकडीची रोजची अधिकृत नोंदवही) वाचताना परिशिष्टं सोडू नका, सहीचे हुकूम तिथेच असतात. त्याच माणसाच्या पहिल्या महायुद्धातल्या सेवेचं मात्र अवघड: पोट्सडामचं लष्करी अभिलेखागार एप्रिल १९४५ च्या बॉम्बफेकीत जळालं आणि प्रशियन सैन्याचे बहुतेक कागद गेले. माणूस बव्हेरियन रेजिमेंटचा असेल तर म्युनिक, व्युर्टेम्बर्गचा असेल तर श्टुटगार्ट गाठा.

आता पाचवा रकाना जोडा: त्याच्या अधिकारक्षेत्रात काय घडलं. याशिवाय तक्ता अर्धाच. जनरल मानश्टाइन ११व्या आर्मीचा प्रमुख असताना २० नोव्हेंबर १९४१ च्या त्याच्या सहीच्या हुकुमात ‘ज्यू-बोल्शेविक व्यवस्था’ कायमची नष्ट करण्याची भाषा आहे, आणि त्याच आर्मीच्या मुलखात आइन्झाट्सग्रुप्पं डी हे एसएसचं फिरतं हत्यापथक ज्यूंच्या कत्तली करत होतं. १९४९ मध्ये हाम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला १८ वर्षं सुनावली, नंतर ती १२ झाली आणि १९५३ मध्ये तो सुटला.

एवढं भरल्यावर आत्मचरित्र घ्या आणि प्रत्येक तारखेला तक्त्याशी ताडून पाहा. पराभवाचं खापर हिटलरवर आणि विजय स्वतःचा, ही मांडणी युद्धानंतरच्या या लिखाणात नेहमीची. ज्या महिन्यांवरून लेखक घाईने पुढे जातो, त्या महिन्यांची दैनंदिनी पुन्हा मागवा.